साठ मीटरचा मावळा

निकाल जाहीर झाला की मंडपाबाहेर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "परीक्षकांना काय कळतंय ओ त्यातलं?" हे एक. आणि "मार्क दिल्यात की मोजून, उगीच दिल्यात होय?" हे दुसरं. दिवाळीतले किल्ले, गावोगावच्या भजन स्पर्धा, शिवजयंतीचे चित्ररथ, एकांकिका, रांगोळी... बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात वर्षभर कशाची ना कशाची स्पर्धा चालूच असते. त्यामुळं कलेतलं चांगलं-वाईट वस्तुनिष्ठपणे ठरवता येतं का, हा प्रश्न आपल्याकडं वर्गातल्या फळ्यापुरता राहत नाही. ढाल कुणाच्या गल्लीत गेली, त्यावरून तो दरवर्षी नव्यानं पेटतो.

पहिलं वाक्य बोलणाऱ्याला वाटतं की कला म्हणजे ज्याची त्याची आवड, तिथं चूक-बरोबर नाहीच. दुसऱ्याला वाटतं की आकडा आला म्हणजे मोजमाप झालं. मला दोघंही पटत नाहीत. कलाकृतीतला दोष बऱ्याचदा बोट ठेवून दाखवता येतो. पण आधी तो दोष आहे की करणाऱ्यानं मुद्दाम केलेली निवड आहे, हे तपासावं लागतं, आणि तशी तपासणी करता येते. तिची रीत आहे. पुढं जो पहिला-दुसरा नंबर काढला जातो, तो मात्र मोजलेला नसतो, ठरवलेला असतो.

किल्ल्यापासून सुरुवात करू, कारण त्यात लपवालपवीला जागा कमी.

किल्ला उभा राहायला हवा, ही त्याची पहिली अट. इथं कुणाच्या आवडीनिवडीचा संबंधच येत नाही. बैलहोंगल, सौंदत्ती भागातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. नुसत्या काळ्या मातीचा बुरूज पहिल्या दिवशी देखणा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला बोटभर भेगा पडतात. खानापूरकडची तांबडी माती कमी आकसते, पण एकटी वापरली तर भुसभुशीत राहते आणि पाण्याच्या एका फवाऱ्यात ओघळते. तीन घमेली तांबडी, एक घमेलं काळी आणि एक घमेलं बारीक कापलेलं भाताचं पिंजर, हे मिश्रण दोन्हींतलं चांगलं तेवढं घेतं. पिंजर मातीला आतून धरून ठेवतं. खाली दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, आणि त्यावर चिखलाचा दोन-अडीच इंचांचा थर. थर चार इंचांवर गेला की बाहेरची कातडी आधी वाळते, आतला गोळा ओलाच राहतो, आणि मग भेग नेमकी कड्याच्या मधोमध जाते. उभा कडा नुसत्या मातीत काढणाऱ्याचा कडा रात्रीत खाली बसतो. त्याच्यामागं दगड उभाच करावा लागतो.

हिरवळीचं तसंच. हळीव तासभर भिजवलं की त्याला बुळबुळीत गर सुटतो आणि दाणा उतारावर चिकटून बसतो. मोहरी किंवा नाचणी उतारावर टाकली तर घरंगळून सगळी पायथ्याशी जमा होते, आणि पाचव्या दिवशी डोंगर उघडा आणि रस्त्यावर गवत असा प्रकार होतो. पाणी तांब्यानं ओतलं तर ओहोळ पडतात, फवाऱ्यानं मारलं तर पडत नाहीत. यातली एकही गोष्ट बघणाऱ्याच्या आवडीवर अवलंबून नाही. फुटलेला बुरूज म्हणजे फुटलेला बुरूज.

आता राजगड घ्या. मध्ये बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेला सुवेळा आणि नैर्ऋत्येकडं लांबलचक संजीवनी. बरीच मुलं तिन्ही माच्या सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच अंतरावर काढतात, पंख्याच्या पात्यांसारख्या. चूक आहे ती. नकाशा समोर धरला की मिटलं. जाता जाता एक. येळ्ळूरचा राजहंसगड शहरातून सहज जाऊन बघता येतो, परीक्षकालाही आणि मुलांनाही, तरी स्पर्धेत राजहंसगड क्वचित दिसतो. लांबच्या गडांचं आकर्षण, दुसरं काय.

इथपर्यंत कुणी वाद घालणार नाही. वाद मावळ्यापाशी सुरू होतो.

समजा दोन किलोमीटर पसरलेला गड आठ फुटांत बसवलाय. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. प्रमाण निघतं साधारण १:८२०. या प्रमाणात सहा मीटर उंचीची तटबंदी फक्त सात मिलिमीटरची व्हायला हवी आणि माणूस दोन मिलिमीटरचा. बाजारात मिळणारा मातीचा मावळा तीन इंचांचा असतो. म्हणजे या गडावर तो बासष्ट मीटर उंच आहे! वीस मजली इमारतीएवढा मावळा, सात मिलिमीटरच्या तटाशी पहाऱ्याला उभा. म्हणून तटही तीन-चार इंचांचा करतात, दरवाजा मावळ्याला शोभेल एवढा करतात, आणि डोंगराची उंचीही आडव्या प्रमाणाच्या दीडपट-दुप्पट वाढवतात. नाहीतर आठ फुटांत गड ताटासारखा सपाट दिसेल.

मग मापाला धरून बघितलं तर बेळगावातला प्रत्येक किल्ला चुकीचा. "प्रमाणबद्धता – २० गुण" असा रकाना परीक्षकांच्या गुणांच्या तक्त्यात असतो, त्यात काय भरायचं?

हे ठरवायला मी तीन प्रश्न पुरेसे मानतो. एक, जे नेमापेक्षा वेगळं केलंय ते सगळीकडं तसंच केलंय का? दोन, ते वेगळेपण काढून टाकलं तर कलाकृतीतून काही हरवतं का? तीन, त्यामुळं जे बिघडणार होतं ते दुसरीकडं सांभाळून घेतलंय का? तिन्हींना "हो" आलं तर ती निवड. तिन्हींना "नाही" आलं तर दोष. मधलं काही आलं तर परीक्षकानं करणाऱ्या मुलालाच विचारावं, "हे असं का केलंस रे?" मुलं फार सरळ सांगतात. "माती संपली काका," असंही सांगतात.

मावळ्याला हे प्रश्न लावून बघा. एका किल्ल्यात सगळे मावळे तीन इंची, दरवाजे साडेतीन-चार इंची, तोफा त्यांच्या कमरेपर्यंत, म्हणजे माणसाच्या आसपासचं सगळं एका मापात आणि डोंगर दुसऱ्या मापात. दोन मापं आहेत, पण दोन्ही शेवटपर्यंत पाळली आहेत. दुसऱ्या किल्ल्यात पायथ्याला तीन इंची मावळा, वर बालेकिल्ल्यावर पाच इंची महाराज, शेजारी एक इंची प्लास्टिकचा हत्ती आणि दरवाजा दीड इंचाचा. महाराज मोठे करणं ही जुनी रीत आहे, चित्रांतही राजा मोठाच काढायचे, त्यामुळं तेवढ्यावर गुण कापू नयेत. पण हत्ती? तो घरात होता म्हणून आला. या दोन किल्ल्यांतला फरक परीक्षकाच्या आवडीचा नाही. तो कुणालाही दाखवता येतो, आणि दाखवला की हरलेल्या गल्लीतली मुलंही मान डोलावतात.

ही कल्पना माझी नाही, फार जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्रात मम्मटानं काव्याच्या व्याख्येतच "अदोष" असं म्हणून ठेवलं. त्यावर विश्वनाथानं हरकत घेतली की इतकी कडक अट लावली तर काव्य म्हणायला जवळजवळ काही उरणारच नाही. किडीनं भोक पाडलं तरी रत्न हे रत्नच राहतं. शिवाय दोषांतही नित्य आणि अनित्य असे दोन प्रकार मानले गेले. कानाला टोचणारे कठोर वर्ण शृंगारात दोष, पण रौद्रात तेच गुण. व्याकरणाची चूक मात्र कुठंही चूकच. फुटलेला बुरूज नित्य दोष, मोठा मावळा अनित्य. एवढा भेद परीक्षकांनी मनात ठेवला तरी निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं.

भजनात हे जास्त बारकाईनं बघावं लागतं, कारण तिथं मोजता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मोजण्याचा मोहही तेवढाच मोठा.

आधी शब्द. मोठ्या अभंगाचा चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. तुकोबांचं "सुंदर तें ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया" मोजून बघा, बरोबर बसतं. चाल लावणाऱ्यानं हे खंड लक्षात ठेवले नाहीत की श्वास भलत्याच जागी येतो: "कर कटा", श्वास, "वरी ठेवोनिया". अर्थ तुटला. ज्याला मराठी येतं त्या प्रत्येकाला तो तुटलेला ऐकू येतो. पण बुवांनी "कटावरी" हाच शब्द धरून चार आवर्तनं वेगवेगळ्या तऱ्हेनं फिरवला, तोडला, पुन्हा जोडला आणि समेवर पूर्ण चरण आणून ठेवला, तर तोच तोडलेला शब्द आता खेळ आहे. वरचे तीन प्रश्न इथंही चालतात. पुन्हा तसंच केलं का? काढलं तर काही जातं का? शेवटी जोडून दिलं का? श्वास कमी पडला म्हणून तोडणारा माणूस दुसऱ्या खेपेला वेगळ्याच जागी तोडतो, हे त्याचं हमखास लक्षण.

मग सूर. हल्ली खिशातल्या फोनवर सूर दाखवणारं ॲप असतं आणि उत्साही परीक्षक ते उघडून बसतात. बसू नये. सप्तकाचे १२०० बारीक भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, कारण पेटीत बाराही अंतरं सारखी केलेली असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो, आणि तयार गळा तिकडंच ओढला जातो. ॲप पेटीच्या हिशेबानं चालतं. म्हणजे ज्याचा गंधार खरोखर सुरेल लागला त्याला ते चौदा सेंट "उतरलेला" दाखवणार! यंत्र खोटं बोलत नाही. त्याला भलताच प्रश्न विचारला जातो. पांढरी एकच्या पट्टीत हा फरक सेकंदाला अडीच-तीन हेलकाव्यांचा असतो, म्हणजे दोन्ही सूर एकदम वाजले की आवाज तेवढ्या वेळा लहान-मोठा होतो; गायक गंधारावर थांबला आणि पेटीही तोच सूर धरून राहिली तर तो कानाला जाणवतो. जाणता पेटीवाला नेमक्या अशा जागी भाता हलका करतो किंवा बोट उचलून घेतो. ही गोष्ट तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी परीक्षक असतो तर पेटीवाल्याला त्याचे गुण वेगळे दिले असते.

पखवाजाकडं बघताना हवामान विसरू नये. आषाढ-श्रावणात आपल्याकडच्या दमट हवेत चामडं सैल पडतं आणि शाईच्या बाजूचा सूर उतरतो. मंडपात हॅलोजनखाली आलं की हळूहळू चढायला लागतो. धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या खर्जात घुमणाऱ्या तोंडावर, लावलेली कणीक गरम दिव्याखाली वाळते, हलकी होते आणि धुमेचा घुमारा कमी होतो. पंधरा मिनिटांच्या वेळेत पखवाज सुरात मिळवायलाच तीन मिनिटं गेली तर बिचारे शेवटचा अभंग पळवतात. हा दोष त्या मंडळाचा नाही, आयोजकांचा. जुळवणीची तीन-चार मिनिटं वेळेत धरूच नयेत.

लयीचं काय? ख्यालात लय नकळत वाढली तर तो दोष. भजनात आठ मात्रांच्या ठेक्यावर लय वाढत जाणं हा प्रकाराचाच भाग आहे, गजराला ती वाढायलाच हवी. म्हणून "लय स्थिर राहिली का" हा प्रश्न भजनाच्या तक्त्यात चुकीचा आहे. लय सगळ्यांची एकदम वाढली का, हा बरोबर. बुवा पुढं गेले, पखवाज त्यांच्या मागं धावतोय आणि टाळकऱ्यांची मागची रांग अजून जुन्याच लयीत, ही वाढ नव्हे, पांगापांग. ती ऐकायला परीक्षक स्टेजसमोर मध्यावर वीस-पंचवीस फुटांवर बसलेला हवा. स्पीकरच्या खोक्यासमोर बसवलेल्या परीक्षकाला भजन ऐकू येत नाही, ध्वनिक्षेपकवाल्याची मर्जी ऐकू येते.

सीमाभागातली एक खास गोष्ट. कानडी मातृभाषेची मंडळं अभंग म्हणतात तेव्हा शेवटचा "अ" पूर्ण उच्चारतात: "ध्यान" मधला न मोकळा सोडतात. बोलताना आपण तो गिळतो, त्यामुळं मराठी परीक्षकाला तो उच्चार परका वाटतो आणि "शब्दोच्चार" मध्ये दोन गुण जातात. पण अक्षरं मोजली तर त्या न चं एक अक्षर धरलेलंच आहे. छंदाच्या बाजूनं बघितलं तर गुण वाढवायला हवेत.

आता "दमसास – १० गुण" या, म्हणजे श्वास किती लांब पुरतो याच्या रकान्याबद्दल. कुमार गंधर्व आपल्या इथलेच, ८ एप्रिल १९२४ ला बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले. ऐन तारुण्यात क्षयानं त्यांचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी केलं, आणि काही वर्षांच्या सक्तीच्या गप्पपणानंतर ते पुन्हा गायला लागले ते छोट्या-छोट्या, झेपावणाऱ्या तुकड्यांनी. आपल्या तक्त्यावर त्यांना दमसासात दहापैकी चार मिळाले असते. मुळात हा रकाना का ठेवला? सुरांचा धागा तुटू नये म्हणून. लांब श्वास हा तो धागा राखायचा एक उपाय. कुमारांनी तो धागा तंबोऱ्यांच्या अतिशय काटेकोर जुळवणीतून राखला. त्यांचा तुकडा संपला तरी स्वर हवेत चालू राहायचा. उपाय बदलला, हेतू साधला. रकाने उपायांवर बेतलेले असतात, म्हणून ते मधल्या पातळीवरच्या मंडळांना बरोबर न्याय देतात आणि अगदी वरच्या माणसापाशी फसतात. हे तक्त्याचं व्यंग नाही, स्वभाव आहे. तक्ता बनवणाऱ्याला तो ठाऊक असला म्हणजे झालं.

आणि फेटे. एका रंगाचे फेटे, एकसारखी जाकिटं, रांगेत बसलेले टाळकरी. गुण त्यावर नसतात, तरी पडतात. २०१३ मध्ये चिया-जुंग त्से या संशोधक बाईंनी पियानो स्पर्धांतल्या अंतिम तिघांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून नुसतं चित्र बघणाऱ्यांनी खरा विजेता जास्त वेळा ओळखला. यात संगीत जाणणारेही होते, आणि महत्त्व आवाजाला असं बहुतेकांचं म्हणणं होतं. म्हणजे मुळातल्या परीक्षकांनीही डोळ्यांनीच बराचसा निकाल लावला असणार. यावर साधा उपाय: प्रत्येक मंडळाच्या निदान एका अभंगाला परीक्षकांनी मान खाली घालून कागदाकडं बघत ऐकावं, आणि सूर-लयीचे गुण तेव्हाच लिहून टाकावेत.

क्रमाचाही परिणाम होतो. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत कोण कधी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, तरी तिथल्या निकालांचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असं आढळलं की पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचे नंबर खालचे लागायची शक्यता जास्त. कारण समजण्यासारखं आहे. सुरुवातीला परीक्षक हात राखून गुण देतो, पुढं कुणी आणखी चांगला आला तर जागा हवी म्हणून. आपल्याकडं पहिलं गायला बसणारं मंडळ बहुधा यजमान गावाचं असतं, त्यामुळं कुणी फारसं बोलत नाही. पहिल्या तीन मंडळांचे गुण पेन्सिलीनं लिहावेत आणि चौथ्यानंतर एकदा परत बघावेत, एवढ्यानं बराच फरक पडतो.

चित्ररथांबद्दल थोडक्यात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा सजीव देखावा रात्री, चालत्या मिरवणुकीत, गर्दीच्या डोक्यांवरून बघितला जातो. रथ थांबत नसेल तर एका जागी उभ्या माणसाला तो जेमतेम अर्धा मिनिट दिसतो. तीन प्रसंग आणि दोन मिनिटांचे संवाद लिहून आणणारं मंडळ इथंच हरतं. मागच्या रथाचा आवाज पुढच्या संवादावर चढतो आणि कुणालाच काही कळत नाही. एकच प्रसंग, तीन-चार पात्रं, ठळक पवित्रा. दिवे वरून टाकले तर फेट्याच्या सावलीत चेहरे काळे पडतात. ट्रॉलीच्या कडेवरून खालून-समोरून टाकावे लागतात. हाच देखावा रंगमंचावर उथळ वाटेल आणि रस्त्यावर उत्तम. कुठं आणि कसा बघितला जाणार हे सोडून चांगलं-वाईट बोलताच येत नाही.

"काळच ठरवील" असं म्हणणारे एक असतात. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ ची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. तिच्या छतातलं उलटं लोंबणारं दगडी कमळ आजही बघणाऱ्याला खिळवतं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या काळचं लाकूडकाम, कापडावरची चित्रं, देवळांतलं गाणं आपल्यापर्यंत आलंच नाही. काळ आधी दगड निवडतो, मग कला. शिवाय दिवाळीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंतही टिकत नाही, त्याला काळाची कसोटी लावायची कशी?

परीक्षक कोण असावा, याचं मला सापडलेलं सगळ्यात समंजस उत्तर नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. तिथं प्रयोगाचे दहा प्राश्निक, म्हणजे परीक्षक, सांगितलेत: यज्ञ जाणणारा, नट, छंद जाणणारा, व्याकरणी, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. ज्यानं त्यानं आपापल्या विषयापुरतं बोलायचं. धनुष्य ओढतानाचा पवित्रा धनुर्धर बघणार, वेषभूषा चित्रकार, प्रेमप्रसंगातला खरेपणा गणिका. प्रेक्षकांची पावतीही तिथं मोजलीय: हसू, "साधु साधु", अंगावर काटा, उठून उभं राहणं, अंगावरचं वस्त्र काढून देणं. ही मानुषी सिद्धी, म्हणजे माणसांकडून मिळालेलं यश. तिच्यावर दैवी सिद्धी, म्हणजे खच्चून भरलेलं सभागृह आणि त्यात कसलाही आवाज, गडबड नाही. शिट्ट्यांवर गुण देणाऱ्यांनी हा क्रम बघून ठेवावा. आणि दोषांवर फार अडून बसू नका, निर्दोष किंवा अगदी निर्गुण असं काही नसतंच, असंही तिथंच बजावलंय.

आपल्याकडं मात्र तिन्ही खुर्च्यांवर "मान्यवर" बसतात आणि तिघंही सगळे रकाने भरतात. त्यापेक्षा भजनाला एक गायक, एक पखवाजी आणि एक कीर्तनकार बोलवा. सूर पहिल्यानं, लय दुसऱ्यानं, पाठ आणि अर्थ तिसऱ्यानं बघावा. किल्ल्याला गड फिरणारा, गवंडी आणि चित्रकलेचे सर. गवंडी परीक्षक म्हणून बसला की मुलं माती नीट मळतात.

तिघांनीही सगळे रकाने भरायचेच असतील तर निदान बेरजेचा घोळ टाळा. अ मंडळाला गुण ७४, ७३ आणि ६३, बेरीज २१०. ब मंडळाला ७२, ७१ आणि ८५, बेरीज २२८. ब पहिलं! पण तिघांपैकी दोघांच्या मते अ वरचढ होतं. जो परीक्षक साठ ते नव्वदच्या पट्ट्यात खेळतो तो सत्तर-पंच्याहत्तरमध्ये राहणाऱ्या दोघांना एकटा उलथवतो. गुणांऐवजी प्रत्येकानं लावलेले क्रम मिळवले तर अ ला १+१+२ म्हणजे चार, ब ला पाच; कमी बेरीज ती पुढं. क्रमाच्या पद्धतीतही एक खोट आहे. तिसऱ्याला खरंच मोठा दोष दिसला असेल, समजा अ चा ताल मध्येच तुटला आणि बाकी दोघांच्या लक्षात आलं नाही, तर तो दोष क्रमात दबून जातो. म्हणून एकाच मंडळाच्या गुणांत दहापेक्षा जास्त अंतर पडलं की तिघांनी दोन मिनिटं बोलावं: तुम्हाला काय दिसलं ते दाखवा. दाखवता आलं तर बाकीच्यांनी गुण बदलावेत. नाही आलं तर त्यानं बदलावेत.

वरच्या दोन-तीन मंडळांत दाखवण्यासारखा दोष उरतच नाही. तिथं ७८.५ आणि ७८ या अर्ध्या गुणाला काही अर्थ नसतो आणि तो असल्याचं सोंगही आणू नये. परीक्षकांनी एकत्र बसून निवड करावी आणि ती निवड आहे असं माइकवर सांगावं. नाहीतर पहिला नंबर विभागून द्यावा. ढाल एकच असते ही आयोजकांची अडचण झाली, कलेची नव्हे.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. "छान प्रयत्न", "आणखी मेहनत हवी" असे शेरे मारणाऱ्या परीक्षकाला पुढच्या वर्षी बोलवू नये. शेरा असा हवा: "दुसऱ्या अभंगात तिसऱ्या कडव्यापासून लय वाढली, मागची रांग मागं राहिली. गवळणीत टाळ थांबवून नुसत्या पेटीवर घेतलेलं ध्रुवपद फार चांगलं." जागा सांगितलेली, दोष एक, गुण एक, ज्याला पटत नाही त्याला फोनवरचं रेकॉर्डिंग लावून तपासता येईल असं. हे शेरे निकालाच्या आधी वाचून दाखवावेत. निकालानंतर ऐकायला कुणी थांबत नाही, पंगत बसलेली असते.